सड्यावरचा दाणा कोण नेते? बीजभक्षी प्राण्यांचा माग काढण्याची घरगुती रीत

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो, आणि वाळवंटाची पुस्तकी मर्यादा साधारणपणे 250 मिलीमीटर मानली जाते. त्यामुळे कोरड्या प्रदेशातील प्राण्यांचा अभ्यास करायचा तर राजस्थान किंवा कच्छ गाठले पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. पर्वरी, ताळगाव, वेर्णे, सांकवाळ किंवा मोपा येथील जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट उघडी पठारे, जून ते सप्टेंबर या काळात पाण्याने निथळत असतात. पण जांभ्यावरची माती बोटभरही खोल नसते आणि दगड पाणी धरून ठेवत नाही, म्हणून पाऊस माघारी फिरल्यावर काही आठवड्यांतच तेथील गवत पिवळे पडते आणि पुढचे सात-आठ महिने त्या सपाटीवर थेंबही साचत नाही. कोकणीत ज्याला ‘सडो’ म्हणतात त्या या भूभागाला (मुरगावला तर डोंगरमाथ्यावरच्या वस्तीचे नावच सडा आहे) वर्षाचा एक तृतीयांश भाग दलदल आणि दोन तृतीयांश भाग वाळवंट, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

या कोरड्या काळात सड्यावर अन्न म्हणून जे काही टिकते, त्यात बियांचा वाटा मोठा असतो. पाने वाळतात, किडे कमी होतात, पण बी म्हणजे मुळातच वाळवून, आवरणात गुंडाळून ठेवलेला साठा असतो आणि तो महिनोन्‌महिने खराब होत नाही. हा साठा कोण खाते, किती खाते, दिवसा खाते की रात्री, हे शोधण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन डझन थाळ्या, थोडी जाळी, डबीभर ग्रीस, किलोभर धान्य आणि सूर्योदयापूर्वी उठण्याची तयारी एवढे असले की पुरे. ती रीत येथे सविस्तर सांगितली आहे.

आधी थोडी ओळख

जगातील कोरड्या प्रदेशांत बी खाणाऱ्यांचे तीन मोठे गट आढळतात: मुंग्या, उंदीरवर्गीय प्राणी आणि पक्षी. हे तिन्ही एकाच कोठारावर हात मारणारे भाऊबंद आहेत. अमेरिकेच्या ऍरिझोना राज्यातील वाळवंटात जेम्स ब्राउन आणि डायन डेव्हिडसन यांनी जमिनीचे तुकडे कुंपण घालून वेगळे केले आणि काही तुकड्यांतून उंदीर काढून टाकले, तेव्हा तेथील मुंग्यांच्या वसाहती 71 टक्क्यांनी वाढल्या. हा निष्कर्ष 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याच राज्यात पोर्टल या गावाजवळ 24 तुकड्यांचा एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. तेथे उड्या मारत चालणारे कांगारू-उंदीर ज्या तुकड्यांतून वगळले होते, त्या झुडपी जमिनीचे सुमारे 12 वर्षांत गवताळ रान झाले. मोठे बी खाणारा प्राणी गेला की मोठ्या बियांच्या वनस्पती वाढतात आणि सगळ्या जागेचा चेहरा बदलतो, हे त्यातून दिसले. बी खाणाऱ्याकडे केवळ ‘नासाडी करणारा’ म्हणून पाहू नये, याचे कारण हेच.

मात्र एका वाळवंटातील उत्तर दुसऱ्या वाळवंटाला लागू पडत नाही. 1978 मध्ये मेअर्स आणि रोझेनझ्वाइग यांनी उत्तर अमेरिकेतील सोनोरा आणि अर्जेंटिनातील माँटे या दोन वाळवंटांत बियांच्या थाळ्या मांडून तुलना केली. सोनोरात उंदरांनी सर्वाधिक दाणे नेले, तर माँटेमध्ये एकंदर फारच कमी दाणे गेले आणि जे गेले ते मुख्यतः मुंग्यांनी नेले. आपण सड्यावर जे करणार आहोत ते मूलतः हेच आहे, म्हणून उत्तर आधीच ठरवून जाऊ नये. मी पहिल्या वर्षी ‘पक्षीच खात असणार’ असे गृहीत धरून गेलो होतो, कारण पक्षीच डोळ्यांना दिसतात.

पाण्याविना हे प्राणी जगतात कसे, हा प्रश्न सड्यावर उभे राहिल्यावर हमखास मनात येतो. त्याचे उत्तर बियांतच आहे. शरीरात अन्नाचे ज्वलन होताना पाणी तयार होते: एक ग्रॅम पिष्टापासून अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक आणि एक ग्रॅम चरबीपासून तर एक ग्रॅमहून किंचित जास्त. कांगारू-उंदीर याच पाण्यावर आणि अत्यंत घट्ट मूत्र टाकून जन्मभर पाणी न पिता राहू शकतो. आपल्याकडील होल्याला मात्र ते जमत नाही. तो दाणे टिपतो आणि पाण्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ खालच्या शेताकडे किंवा तळीकडे उतरतो. म्हणूनच सड्याच्या ज्या कडेला खाली पाणी आहे, त्या कडेला दाणे टिपणारे पक्षी अधिक दिसतात.

जागा आणि वेळ

जागा निवडताना पहिली चौकशी मालकीची करावी. गोव्यातील पुष्कळ सडे कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) आहेत, काही खाजगी आहेत, काहींवर औद्योगिक वसाहती झाल्या आहेत. कोणाला न विचारता थाळ्या मांडल्या तर संध्याकाळी त्या जागेवर सापडतीलच असे नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा मोले येथील अभयारण्यांच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही मांडू नये. या कामात कोणताही प्राणी पकडायचा नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळावा. पिंजरे लावून उंदीर मोजण्याचा मोह होतो, परंतु त्याला परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही लागते.

वर्षातून तीन फेऱ्या कराव्यात. पहिली नोव्हेंबरच्या मध्यात, जेव्हा सड्यावरील गवताचे बी नुकतेच गळून पडलेले असते, दुसरी फेब्रुवारीत, आणि तिसरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या सरी येण्यापूर्वी. ही विभागणी सोयीसाठी केलेली नाही. नोव्हेंबरमध्ये जमिनीवर फुकटचे अन्न इतके पसरलेले असते की आपल्या थाळीकडे फिरकण्याचे कोणाला कारण उरत नाही. मेपर्यंत तो साठा खाल्ला गेलेला, पुरला गेलेला किंवा वाऱ्याने फटीत गेलेला असतो आणि मग तीच थाळी लवकर रिकामी होते. एकाच फेरीवरून ‘येथे बीजभक्षी कमी आहेत’ असे लिहिणे म्हणजे सणाच्या दुपारी जेवून उठलेल्या माणसाला वाढून पाहून त्याला भूक लागत नाही असे ठरवण्यासारखे आहे. मधल्या काळात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोणीतरी गवताला आग लावतो. जळालेल्या आणि न जळालेल्या भागांत थाळ्या मिसळू नयेत; दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवावी.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण निक्षून सांगतो. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली फुरसे असते. ते लहान दिसते, दगडाच्या रंगाचे असते आणि पळून जाण्याऐवजी वेटोळे घालून अंगावरचे खवले घासत बसते. हाताने दगड उलटू नये, घोट्याच्या वरपर्यंत बूट घालावेत, पहाटे विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे असले काही न करता 108 क्रमांकावर फोन करून थेट इस्पितळात जावे. सत्तरीच्या बाजूला काम करणाऱ्यांनी गोचिडांपासून जपावे, कारण त्या तालुक्यात 2015 मध्ये माकडतापाची लागण झाली होती आणि तो कोरड्या महिन्यांतच पसरतो.

थाळी मांडण्याआधी जमीन वाचावी

पहिले दोन दिवस काहीही न मांडता नुसते चालावे. चालताना पायमोज्यांत जे कुसळ घुसते, तोही एक धडाच आहे. कुसळी गवताच्या बीला एक लांब, पिळा घातलेले शेपूट असते. रात्रीच्या दवाने ते सैल होते आणि उन्हाने पुन्हा पीळ घेते, आणि या उलगडण्या-पिळण्यात बीचे टोकदार तोंड मातीत किंवा फटीत गिरमिटासारखे शिरत जाते. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा आणि स्वस्थ बसून पाहावे. थोड्याच वेळात शेपूट वळू लागते. जमिनीखाली गेलेले बी चोचीला सापडत नाही आणि मुंगीला ओढता येत नाही. खाणाऱ्यांपासून निसटण्याची ही बियांची तजवीज आहे. तिच्यावरून खाणाऱ्यांचा दबाव किती असेल याचा अंदाज बांधता येतो.

यानंतर मुंग्यांची बिळे शोधावीत. दाणे साठवणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवती भुशाचे एक कडे असते: गवताच्या बियांची टरफले, काड्या, रिकामी आवरणे, सगळी बिळाच्या एका बाजूला अर्धचंद्राकार टाकलेली. साधे मातीचे कडे आणि भुशाचे कडे यांत फरक करायला शिकावे. चिमूटभर भुसा पांढऱ्या कागदावर पसरून दहापट भिंगातून पाहिला की कोणत्या गवताचे बी सध्या आत जात आहे ते कळते. काही जातींत मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात. त्यांचा जबडा दाणे फोडण्याच्या कामी येतो. या विषयाला आपल्या बाजूचा जुना धागाही आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यात मुंग्यांनी पावसात भिजलेले गवताचे दाणे बाहेर आणून उन्हात वाळत घातलेले पाहिले आणि 1835 मध्ये त्या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंग्या खरोखर धान्य साठवतात की ती केवळ जुन्या ग्रंथांतील दंतकथा आहे, असा वाद त्या काळी युरोपात चालू होता. आपल्याकडे पापड वाळत घालणाऱ्या कोणत्याही घरात हा वाद झाला नसता.

उंदरांसाठी उघड्या कातळावर बिळे शोधत बसू नये, कारण जांभ्याचे कवच त्यांना खणता येत नाही. ते करवंदाच्या जाळ्यांत, गडग्याच्या फटीत आणि पडक्या चिऱ्यांच्या ढिगात राहतात. तेथील सपाट दगडावर अर्धवट कुरतडलेली टरफले आणि तांदळाच्या दाण्यासारख्या काळ्या लेंड्या एकत्र सापडल्या की ते त्यांचे जेवणाचे पान समजावे. पक्ष्यांपैकी मलबार चंडोल आणि डोंबारी उघड्या जमिनीवर चालत टिपतात, मनोल्या थव्याने गवताच्या ताटावर बसून ओंबीतूनच दाणे काढतात, होले आणि मोर खाली पडलेले वेचतात, आणि हिवाळ्यात काळ्या डोक्याचे भारीट पाहुणे म्हणून येतात. यांपैकी चंडोल आणि डोंबारी किडेही खातात, त्यामुळे जमिनीवर चोच मारणारा प्रत्येक पक्षी दाणाच टिपत आहे असे लिहू नये.

एक गट थाळीवर कधीच येत नाही, आणि तो बहुतेक जण विसरतात: बीच्या आत राहून खाणारे भुंगेरे. सड्याच्या कडेच्या चिंचेखालून शंभर चिंचोके वेचावेत आणि त्यांतील किती चिंचोक्यांना स्वच्छ, गोल, जणू सामत्याने पाडलेले भोक आहे ते मोजावे. त्या भोकातून भुंगेरा बाहेर पडून गेलेला असतो. हा हिशेब वेगळा ठेवावा, कारण ते बी जमिनीवर पडण्याआधीच खाल्ले गेलेले असते.

कोणते दाणे घ्यावेत

येथे गोव्याच्या स्वयंपाकघराचा मोठा उपयोग होतो. प्रयोगासाठी असा दाणा हवा की ज्याला टरफल आहे (म्हणजे खाणाऱ्याची खूण मागे राहते), पण जो सड्यावर पडला तर उगवणार नाही. आपल्याकडे उकड्या तांदळासाठी भात आधी उकडून वाळवतात आणि मग गिरणीत सडतात, म्हणजे टरफल काढतात. हे उकडून वाळवलेले, पण न सडलेले भात अगदी या कामासाठीच केले असावे असे वाटते: टरफल शाबूत असते आणि कोंब मेलेला असतो. ज्यांच्या घरी अजून भात उकडतात त्यांच्याकडून दोन मुठी मागून आणावे. दुसरा दाणा नाचणीचा घ्यावा. तो गवताच्या बीच्या आकाराच्या जवळ जातो, लहान मुंगीलाही उचलता येतो आणि तो आपल्या डोंगरउतारांवरचाच असल्याने रानात उपरे बी टाकल्याचा दोष येत नाही. नाचणी भाजून मारू नये, कारण भाजल्याने वास बदलतो आणि उंदीर वासावर चालतो. पाळीव पक्ष्यांसाठी दुकानात मिळणारे मिश्र खाद्य मात्र मुळीच वापरू नये. त्यात कोणकोणत्या तणांचे बी मिसळलेले असेल याचा नेम नसतो.

प्रत्येक थाळीत भाताचे 30 आणि नाचणीचे 30 दाणे मोजून टाकावेत. हे दाणे घरीच, दिव्याखाली, छोट्या कागदी पुड्यांत मोजून बांधून ठेवावेत आणि प्रत्येक पुडी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका येथेच जन्मतात.

चार थाळ्यांचा संच

थाळी म्हणून वीतभर व्यासाची, बोटाच्या पेराएवढ्या काठाची पत्र्याची झाकणे चालतात. काठ गुळगुळीत असेल तर मुंग्यांना चढता येत नाही, म्हणून आतून-बाहेरून पॉलिश कागद घासून खरखरीत करावा किंवा काठापर्यंत मातीचा उतार करावा. असे चार थाळ्यांचे एक कुटुंब करायचे.

पहिली थाळी पूर्ण उघडी: येथे मुंगी, उंदीर, पक्षी सगळ्यांना मुभा. दुसरीवर पाव इंची जाळीची पेटी उपडी घालायची आणि तिच्यावर अर्धा चिरा ठेवायचा, म्हणजे आत फक्त मुंग्या आणि तत्सम किडे जाऊ शकतील. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांसाठीची अर्ध्या इंचाची जाळी पुढे केली जाते. ती घेऊ नये, कारण शेतातील लहानगा उंदीर तिच्यातून आत शिरतो. तिसरी थाळी एका उपड्या वाटीवर चिकटवून दोन-तीन इंच उंच करायची आणि वाटीच्या कडेला ग्रीसचा पट्टा ओढायचा, म्हणजे मुंग्या वगळल्या जातील पण पक्षी आणि उंदीर पोहोचतील. थाळी वाटीपेक्षा रुंद असली पाहिजे, नाहीतर ग्रीस प्राण्यांच्या अंगाला लागते. चौथीला ग्रीसही आणि जाळीही. तिच्यातून कोणीच काही नेऊ शकत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची आहे: तिच्यातून जे दाणे कमी होतील ते वाऱ्याने उडालेले किंवा आपणच चुकीचे मोजलेले असतात.

ग्रीसबद्दल एक अनुभव सांगण्यासारखा आहे. घरात मिठाईच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण डबा पाण्याच्या परातीत ठेवतो. मीही प्रथम तेच केले आणि तिसऱ्या थाळीखाली पाण्याची बशी ठेवली. एप्रिलच्या सड्यावर बशीभर पाणी म्हणजे काय असते, ते दुसऱ्या दिवशी कळले. मधमाश्या, होले, एक सरडा, झाडून सगळे त्या बशीवर आले, आणि दाण्यांसाठी कोण आले व पाण्यासाठी कोण हे सांगणे अशक्य झाले. त्या फेरीची सगळी वही बाद करावी लागली. साधे व्हॅसलीनही उन्हाने वितळून ओघळते. गाड्यांच्या बेअरिंगला लावतात ते घट्ट ग्रीस घ्यावे आणि रोज त्यावर चिकटलेली धूळ आणि काड्या पुसून नवा थर द्यावा, कारण धुळीचा पूल बांधून मुंग्या पलीकडे जातात.

दुसरी चूक जाळीची. भाताचा दाणा ओढून नेणारी मुंगी जाळीपाशी आली की दाणा आडवा अडकतो. एका सकाळी मला जाळीच्या खालच्या चौकटींत भाताचे सात दाणे ओळीने आडवे अडकलेले सापडले, आणि त्यांच्याशी झटणारी एकही मुंगी उरली नव्हती. हे दाणे थाळीत नव्हते, म्हणजे हिशेबाने ‘गेलेले’ होते. प्रत्यक्षात ते कुठेच गेले नव्हते. तेव्हापासून जाळीची पेटी जमिनीपासून जेमतेम पाव इंच वर उचलून, चारही कोपऱ्यांना खडे देऊन ठेवतो. एवढ्या फटीतून दाणा सरळ निघतो, पण उंदराचे डोके शिरत नाही.

एका संचातील थाळ्यांत पाच-पाच पावलांचे अंतर ठेवावे आणि दोन संचांत निदान पन्नास पावलांचे. असे सहा संच, म्हणजे 24 थाळ्या, एका माणसाला झेपतात. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा लक्षात घेऊन प्रत्येक थाळीच्या पश्चिमेला एक चिरा आडवा ठेवावा. पहिला दिवस आणि रात्र प्राण्यांना थाळीची सवय होऊ द्यावी; त्यानंतरचे तीन दिवस आणि तीन रात्री मोजाव्यात.

मोजणी आणि तिचा अर्थ

दिवसातून दोनदा जायचे: सूर्योदयाच्या सुमारास आणि सूर्यास्ताच्या सुमारास. प्रत्येक वेळी थाळीतील सगळे उरलेले आणि टरफले एका पुडीत काढून, पुडीवर संच, थाळी, तारीख आणि ‘दिवस’ किंवा ‘रात्र’ असे लिहून, थाळीत नवे मोजलेले दाणे टाकायचे. सड्यावर उकिडवे बसून मोजत राहू नये, घरी मोजावे. संध्याकाळची फेरी उशिरा केली तर उंदरांची वेळ पक्ष्यांच्या खात्यात जाते, म्हणून वेळ काटेकोर पाळावी.

आता हिशेब सरळ होतो. तिसऱ्या थाळीतून दिवसा गेलेले दाणे मुख्यतः पक्ष्यांचे (झाडोरा जवळ असेल तर खारीचेही), रात्री गेलेले उंदरांचे. दुसरीतून गेलेले मुंग्यांचे. आणि प्रत्येक आकड्यातून चौथ्या थाळीची तूट वजा करायची. समजा, रात्री तिसऱ्या थाळीतून नाचणीचे 18 दाणे गेले आणि चौथीतून 2 कमी झाले, तर उंदरांच्या नावावर 16 मांडावेत. दुसरी आणि तिसरी यांची बेरीज पहिलीएवढी यावी अशी अपेक्षा असते, पण ती बहुधा कमी-जास्त येते. पहिलीतील दाणे बेरजेपेक्षा कमी गेले असतील, तर घाबरून आकडे जुळवत बसू नये: एकाने आधी उचललेला दाणा दुसऱ्यासाठी उरत नाही, आणि स्पर्धा म्हणतात ती हीच. मुंग्यांच्या बाबतीत दिवस-रात्रीचा कल ऋतूप्रमाणे फिरतो; हिवाळ्यात त्या उन्हे वर आल्यावर निघतात आणि मेमध्ये तापलेला कातळ टाळून पहाटे किंवा रात्री. तीनही फेऱ्यांचे तक्ते शेजारी ठेवले की हा फरक डोळ्यांत भरतो.

आकड्यांपेक्षा मला स्वतःला टरफलांच्या पुड्या अधिक बोलक्या वाटतात. मनोली किंवा चिमणी भाताचा दाणा चोचीत फिरवून सोलते, तेव्हा टरफलाच्या दोन होडीसारख्या फाका स्वच्छ सुट्या होऊन पडतात. उंदराने खाल्लेल्याची कड दातेरी असते, बहुधा एका टोकाकडून कुरतडलेली, आणि मध्ये पिठाचा भुगा असतो. होला दाणा अख्खा गिळतो आणि पेषणीत भरडतो, म्हणून मागे काहीच राहत नाही; मुंग्याही अख्खा दाणा नेतात. म्हणजे दिवसाच्या तिसऱ्या थाळीतून दाणे गेले आणि टरफल एकही नाही, तर मनोली नव्हे, होला. अशा दहा-वीस पुड्या ओळीने मांडून पाहिल्या की पुढे पुडी उघडताक्षणी नाव सुचते.

एक सावधगिरी मात्र कायम बाळगावी. थाळीतून दाणा गेला, एवढेच आपल्याला कळते; तो खाल्ला गेला असे नव्हे. उंदीर काही दाणे पुरून ठेवतो आणि विसरतो. मुंग्या वाटेत दाणे टाकतात. एरंडासारख्या बियांना तर टोकाशी एक स्निग्ध गाठ असते. मुंग्या ती गाठ खातात आणि बी बिळाबाहेर फेकून देतात, म्हणजे तेथे बीजभक्षण न होता पेरणीच होते. वहीत म्हणून ‘खाल्ले’ असा शब्द न लिहिता ‘नेले’ असा लिहावा.

भीतीचे माप

ज्यांना एक पायरी पुढे जायचे असेल त्यांनी जोएल ब्राउन यांनी 1988 मध्ये मांडलेली रीत करून पाहावी. तीत दाणे उघडे न ठेवता वाळूत मिसळतात. एका पसरट टबात तीन लिटर बारीक, धुतलेली वाळू घेऊन तीत पाच ग्रॅम भात नीट कालवावे. सुरुवातीला उंदराला दाणे पटापट सापडतात, मग शोधायला वेळ लागू लागतो, आणि एका क्षणी या टबावर बसून राहण्याची जोखीम आणि श्रम मिळणाऱ्या दाण्यापेक्षा महाग पडतात. तेथे तो उठून जातो. सकाळी वाळू चाळून उरलेले भात तराजूवर तोलायचे. जितके जास्त उरले, तितका तो लवकर उठला, म्हणजे ती जागा त्याला तितकी धोक्याची वाटली.

असे दोन टब घ्यावेत: एक करवंदाच्या जाळीखाली आणि दुसरा तिच्यापासून चार पावलांवर उघड्यावर. अमावास्येच्या आगेमागे तीन रात्री आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन रात्री मोजाव्यात. चांदण्यात घुबडाला उंदीर दिसतो आणि उंदराला ते ठाऊक असते, त्यामुळे पौर्णिमेला उघड्यावरच्या टबात अधिक दाणे उरावेत असा अंदाज आहे. आपल्या सड्यावर तसेच होते का ते पाहावे. पौर्णिमा निवडताना फाल्गुनाची टाळावी. शिगम्याच्या दिवसांत रात्रभर ढोल-ताशे आणि माणसांची ये-जा असते, आणि मग आपण उंदराला वाटणारी भीती घुबडाची मोजतो आहोत की रोमटाची (शिगम्याच्या मिरवणुकीची), हे कळायला मार्ग उरत नाही. वाळू समुद्रकिनाऱ्यावरची आणली असेल तर ती तीन-चार पाण्यांनी धुवावी, आणि काम संपल्यावर सड्यावर न ओतता परत आणावी.

मेची फेरी संपल्यावर थाळ्या, जाळ्या, ग्रीस पुसलेली फडकी सगळे उचलून आणावे आणि प्रत्येक संचाच्या जागी रंगवलेला एक खडा तेवढा ठेवावा. जूनमध्ये पहिले पाच-सहा दिवस सलग पाऊस झाला की त्या खड्यांपाशी आणि वहीत नोंदवलेल्या मुंग्यांच्या बिळांपाशी पुन्हा एकदा जावे. भुशाच्या कड्यात गवताचे हिरवे तुरे उगवलेले दिसू शकतात. ते मुंग्यांनी टाकून दिलेल्या, पण जिवंत राहिलेल्या बियांचे असतात. पट्टीने वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यातील आणि शेजारच्या मोकळ्या चौकोनातील रोपे मोजावीत आणि ते दोन आकडे त्याच वहीत, मेच्या तक्त्याखाली लिहावेत.